नऊ पावलं पश्चिमेला

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटात टी-शर्ट उलटा घालून येणारा एकच माणूस होता. गटाने सगळ्यांसाठी हिरवे टी-शर्ट छापून घेतले होते. छातीवर डाव्या बाजूला एक इवलासा पक्षी, लालभडक चोच, जांभळट डोकं, पिवळंधमक पोट. तिबोटी खंड्या. रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण गळ्यात दुर्बिणी अडकवून गोदावरीच्या काठाने निघायचो तेव्हा हा पक्षी प्रत्येकाच्या छातीवर ऐटीत बसलेला असायचा. साहेबांच्या छातीवर नुसती शिवण दिसायची आणि मानेमागे धुण्याच्या सूचनांची पांढरी चिठ्ठी लोंबत असायची.

नवीन आलेला माणूस न चुकता त्यांच्याजवळ जाऊन हळूच सांगायचा, "काका, शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

"माहीत आहे," साहेब म्हणायचे. "सरळ घालण्याइतका पुरावा नाही अजून."

तो माणूस गोंधळून माझ्याकडे बघायचा आणि मी मान फिरवून एखादा बगळा शोधायला लागायचे. समजावून सांगायला बसले असते तर सकाळ संपली असती, गोष्ट संपली नसती. गंमत अशी, की तो पक्षी टी-शर्टवर आला होता तोच मुळी साहेबांमुळे. नाशिक जिल्ह्याच्या पक्ष्यांच्या यादीत तिबोटी खंड्याची एकच नोंद होती आणि ती त्यांच्या नावावर होती.

साहेब म्हणजे जमीन मोजणीतले साहेब. मी त्यांच्या हाताखाली मोजणीदार म्हणून लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. तोवर उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रं आली होती, पण साहेबांचा खरा भरवसा स्वतःच्या दोन पायांवर. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं, चढावर सव्वादोन. चालताना ते बोलायचे नाहीत, कारण मोजत असायचे. पंचवटीतल्या घरापासून भाजीबाजार किती पावलं, बाजारापासून पूल किती, घराच्या जिन्याला पायऱ्या किती, सगळं तोंडपाठ. मधेच कुणी "नमस्कार साहेब" म्हटलं तर एक हात वर करायचे आणि आकडा ओठांवर धरून ठेवायचे.

"आमच्या लग्नात सप्तपदी झाल्यावर यांनी भटजींना थांबवलं," काकू सांगायच्या. काकू म्हणजे त्यांच्या मिसेस, हसू न आणता बोलण्यात साहेबांच्या वरताण. "म्हणे सातवं पाऊल अर्धंच पडलंय, पुन्हा घ्या. अख्खा मांडव जेवायला ताटकळलेला. मी म्हटलं, घेऊन टाकू, पुढे जन्मभर हेच आहे."

"म्हणून टिकलंय," साहेब आतल्या खोलीतून म्हणायचे.

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की पाण्याचा पेला हातात घेऊन विचारायचे, "उत्तर कुठे?" माझ्या लग्नानंतर ते आणि काकू आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं हे वास्तूतलं कुणीतरी जाणकार. त्यांनी अख्खं घर फिरवून दाखवलं आणि शेवटी धीर करून विचारलं, काही दोष आहे का. साहेब म्हणाले, "दोष कसला? आपण कुठे उभे आहोत ते माहीत असावं माणसाला, एवढंच." सासूबाईंचा विरस झाला. त्यांना निदान देवघर तरी हलवायचं होतं.

मोजणीच्या ठिकाणी ते कुणाचा चहा घेत नसत. स्वतःचा थर्मास आणायचे, स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात ओतून एकटेच प्यायचे, मला सुद्धा विचारायचे नाहीत. "धाकट्याचा चहा घेतला की थोरल्याला रेघ वाकडी दिसते," असं त्यांचं म्हणणं. माझ्या पहिल्याच महिन्यात सायखेड्याला आम्ही दोन भावांची वाटणी मोजायला गेलो होतो. दोघांचं तोंडसुद्धा एकमेकांकडे नव्हतं. साहेबांनी टेपचं एक टोक थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या, आणि सांगितलं, ताणून धरा. दिवसभर ते दोघे टेपच्या दोन टोकांना ताणून उभे होते. संध्याकाळी शेवटचा बिंदू निघाला, तिथे हद्दीचा दगड रोवायचा, तर नेमकी तिथे टिटवीची चार अंडी.

"उचलून ठिवतो बाजूला," थोरला म्हणाला. "टिटवीचं काय एवढं."

"उचलली की ती फिरकणार नाही," साहेब म्हणाले.

"मंग दगड दोन हात तिकडं रोवा. काय फरक पडतो?"

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बघायला लागला. "दोन हात तिकडे म्हणजे तुमच्या भावाच्या रानात. आणि दोन हात इकडे म्हणजे तुमच्या. तिसरीकडे कुठे रोवायचा ते तुम्ही सांगा."

दगड न रोवताच आम्ही परत आलो. अहवालात साहेबांनी लिहिलं, हद्दीच्या बिंदूवर टिटवीची चार अंडी असल्याने दगड रोवता आला नाही, पिल्लं निघाल्यावर रोवण्यात येईल. वरिष्ठांनी बोलावून विचारलं, हे काय आहे? साहेब म्हणाले, "जे होतं ते आहे." महिनाभराने आम्ही पुन्हा गेलो तर त्या जागेभोवती कुत्री येऊ नयेत म्हणून बाभळीच्या फांद्या लावलेल्या. भावांचं भांडण मिटलं नव्हतं, पण काट्या दोघांनी मिळून लावल्या होत्या.

कागदाच्या बाबतीत तर बोलायलाच नको. एकदा माझ्या हातून नकाशावर आकडा चुकला. मी वर पांढरा रंग लावून बरोबर आकडा घातला आणि अगदी सफाईने घातला. साहेबांनी तो नखाने खरवडून काढला.

"चूक झाकायची नाही," ते म्हणाले. "एक सरळ रेघ मारायची, बाजूला सही करायची, बरोबर काय ते खाली लिहायचं. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे."

"चूक वाचून कुणाला काय करायचंय साहेब?"

"उद्या इथे कोणी उभं राहिलं तर त्याला कळू दे, आपला पाय कुठे घसरला ते."

मला राग आला होता. नवी नोकरी, सगळ्यांसमोरची बोलणी. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, या माणसाखाली मी वर्षही काढणार नाही. चार वर्षं काढली आणि ते निवृत्त झाल्यावर आपणहून त्यांच्या मागे रविवारी पक्षी बघायला जायला लागले.

पक्ष्यांचा नाद त्यांना प्रेमाने लागला नव्हता, वाट बघून लागला होता. मोजणीची नोटीस दहाची असायची आणि माणसं यायची एकला. बांधावर बसून करायचं काय, म्हणून त्यांनी मोजणीवहीच्या मागच्या पानांवर समोर दिसेल तो पक्षी लिहायला सुरुवात केली. लिहायची पद्धत तीच. "कोतवाल, एक. तारेवर. वायव्येला चाळीस पावलं." "होला, दोन. बांधावर. पूर्वेला सोळा." बाकीचे लोक पक्षी किती देखणा होता ते सांगतात, साहेब तो कुठे होता ते सांगायचे. हळूहळू त्यांना तो किती देखणा होता तेही दिसायला लागलं असणार, पण तसं त्यांनी कधी वहीत लिहिलं नाही.

फक्त एकदा लिहिलं. ती पानं मी पाहिली आहेत.

मी नोकरीत येण्याच्या कितीतरी आधी त्यांची बदली सुरगाण्याकडे झाली होती. नाशिक जिल्हा तिथे पश्चिमेला उतरत उतरत गुजरातला टेकतो. घाट संपतो, हवा दमट होते, ओढ्यांवर झाडांची दाटी. सखल भागातल्या असल्या ओल्या रानात हा तिबोटी खंड्या पावसाळ्यात येतो, काठाच्या मातीत बोगदा करून अंडी घालतो आणि पाऊस सरला की निघून जातो. चिमणीहून लहान. नेहमीच्या खंड्यासारखा तारेवर बसून दर्शन देणारा नव्हे, सावलीतून सुर्रकन जाणारा. चार बोटांऐवजी पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. साहेब सीमेजवळच्या एका ओढ्यावर मोजणीला गेले असताना तो त्यांच्यासमोर एका दगडावर येऊन बसला. वहीत लिहिलंय, "तिबोटी खंड्या, एक. दगडावर. ओढ्याच्या मध्यापासून पश्चिमेला नऊ पावलं. चार सेकंद." आणि त्याखाली, दुसऱ्या ओळीत, नुसतं, "काय रंग."

त्या आनंदात त्यांनी नाशिकला येऊन गटाला सांगितलं. गटाने यादीत घातलं. जिल्ह्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी, खाली साहेबांचं नाव. लोकांनी पाठ थोपटली. आठ दिवसांनी ते वहीची पक्की नक्कल करायला बसले आणि "पश्चिमेला नऊ पावलं" या शब्दांवर त्यांचा हात थांबला. दोन राज्यांची हद्द तेवढ्या भागात त्या ओढ्याच्या मधूनच जाते. पक्षी पलीकडे बसला होता. गुजरातमध्ये.

"बावीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा हद्द विसरलो," ते मला म्हणाले होते. "आणि विसरलो तेव्हा फार बरं वाटत होतं. ते जास्त वाईट."

मला वाटतं सगळं त्या वाक्यात आहे. हजारो नकाशे काढले त्यांनी, पण नकाशा असतो शेतकऱ्याच्या नावाचा. जगात त्यांच्या स्वतःच्या नावावर लागलेली अशी ही एकच गोष्ट होती आणि ती नऊ पावलांनी खोटी होती.

तेव्हापासून दरवर्षी त्यांचं गटाला एक पत्र. नोंद काढून टाकावी ही विनंती. गटाचे अध्यक्ष म्हणजे शहरातले डोळ्यांचे डॉक्टर, मोठा लाघवी माणूस. ते दर वर्षी खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "साहेब, पक्ष्याला कसलं आलंय राज्य? तो इकडे उडतो, तिकडे उडतो."

"पक्ष्याला नाही. यादीला आहे. यादीच्या डोक्यावर तुम्हीच नाशिक जिल्हा लिहिलंय."

"नऊ पावलं हो."

"नऊ पावलांवरून सायखेड्याला डोकी फुटली असती."

डॉक्टर हसून विषय बदलायचे. पत्र फायलीत जायचं. मग टी-शर्ट निघाले, टोप्या निघाल्या, सगळ्यावर तो पक्षी, आणि साहेबांनी शर्ट उलटा घालायला सुरुवात केली. वर्गणी भरलेली आहे, शर्ट तर घालणार, पण खोटं अंगावर मिरवणार नाही, असा तो हिशोब.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गटाने ठरवलं की शाळांसाठी जिल्ह्याच्या पक्ष्यांची पुस्तिका काढायची. मुखपृष्ठावर अर्थातच तिबोटी खंड्या. दुरुस्त्या पोळ्यापर्यंत स्वीकारणार, मग छपाई. साहेब पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी आधी त्यांचे डोळे तपासले आणि चिडले.

"डावा मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. उजवा त्याच वाटेवर. दोन वर्षं सांगतोय, ऑपरेशन करून घ्या. या आठवड्यात करू."

"मग पुढे महिनाभर चिखल नको, पाणी नको, प्रवास नको, असं सांगाल."

"सांगणारच."

"मग पोळ्यानंतर. तोवर मला सुरगाण्याला जायचंय." साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, तुम्ही माझं ऐकत नाही, मी तुमचं ऐकत नाही. असं करू. पोळ्याला तुम्ही जुनी नोंद काढा, दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशनला येतो. दोन्ही डोळे तुमचे."

"आणि मुखपृष्ठ?"

"तो पक्षी हद्दीच्या अलीकडे दिसला तर नवी नोंद घालू, मुखपृष्ठ राहील. नाही दिसला तर दुसरा पक्षी छापा. बुलबुल काय वाईट आहे?"

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "पेशंटने डॉक्टरला अट घातलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." पण त्यांनी हात पुढे केला. पिकलेल्या मोतीबिंदूने ते खरंच धास्तावले होते.

निघताना काकूंचा मला फोन आला. "त्यांना एकटं सोडू नकोस गं. धड दिसत नाही त्यांना. पावलं मोजून चालतात म्हणून कुणाला कळत नाही." मी फोन ठेवला आणि समोर साहेब दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होते, ओठ हलत होते. इतकी वर्षं ज्याला मी खूळ समजून हसत आले, त्याच्या आधारावर हा माणूस गावात वावरत होता. मला स्वतःची लाज वाटली.

मग आमचे रविवार सुरू झाले. पहाटेची एसटी, पुढे काळी-पिवळी जीप, शेवटी चालत. मी म्हटलं होतं, ऑफिसचं यंत्र आणते, दोन मिनिटांत हद्द कळेल. साहेबांनी ऐकून घेतलं नाही. सरकारी यंत्र पक्ष्यासाठी बाहेर काढायचं नाही. त्यांचा जुना टेप, झेंड्या, खुंट्या, सुतळी. वरच्या टेकाडावर एक आणि खाली वाटेवर एक असे दोन जुने हद्दीचे दगड होते. त्यांना जोडणारी रेघ साहेबांनी खुंट्या ठोकून, सुतळी ताणून ओढ्यावर आणली. एका ठिकाणी ओढा वळण घेऊन पूर्वेला शिरत होता. "हे वळण आपलं," साहेब म्हणाले आणि तिथे काठावर आम्ही ठाण मांडलं.

वळणालगतचं भातशेत एका मावशींचं होतं. आवणी चालू होती, गुडघाभर चिखलात वाकून त्या भाताची रोपं लावत होत्या. ताणलेली सुतळी बघून आधी घाबरल्या. जमीन नाही, पक्षी मोजायचाय म्हटल्यावर कंबर सरळ करून बघत राहिल्या.

"तो लाल चोचीचा बारकासा नी? तो तठं बसं, पल्याड. तठं खेकडं लय."

"इकडे येतच नाही का?" साहेबांनी विचारलं.

"येतं कव्हा मव्हा. त्याला काय, त्याला कुठं सातबारा आहा."

साहेब मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे. म्हणूनच मला बघायला लागतंय."

पहिल्या रविवारी तो दिसला. मला दिसला, पलीकडे, सुतळीपासून बरंच आत. निळी-केशरी ठिणगी आणि गायब. दुसऱ्या रविवारी जाऊन बघतो तर सुतळी शेळ्यांनी खाल्लेली. पुन्हा ताणली. तिसऱ्या रविवारी ओढ्याला इतकं पाणी की काठावर उभं राहता येईना, तरी साहेब छत्री धरून दोन तास उभे. मी भिजून वैतागून म्हटलं, "साहेब, चार माणसंसुद्धा ती यादी वाचत नाहीत."

"एकाने वाचली तरी चुकीचीच आहे," ते म्हणाले. थर्मासमधला चहा त्यांनी ओतला आणि पेला माझ्यापुढे धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी पेला दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

पोळ्याआधीचा शेवटचा रविवार. पाऊस उघडलेला, ओढा खाली गेलेला. मावशींच्या शेतात हिरवंगार भात उभं होतं आणि त्या बांधावर बसून आमच्याकडे कीव आल्यासारखं बघत होत्या. अकरा वाजत आले असतील. पलीकडून बारीक, तीक्ष्ण शीळ आली. साहेबांनी ताबडतोब बोट वर केलं. कान त्यांचे शाबूत होते. शीळ सरळ आमच्याकडे आली, सुतळीच्या खालून काहीतरी झपकन गेलं आणि अलीकडच्या काठावर करंजाची एक मुळी उघडी पडली होती, तिच्यावर बसलं.

तोच. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. चोचीत बारका खेकडा. मुळीवर आपटतोय, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. पाठीवरचा जांभळा रंग सावलीतही पेटल्यासारखा.

"साहेब," मी हळूच म्हटलं, "ईशान्येला. अकरा पावलं. उघडी मुळी आहे, पाण्यापासून हातभर वर. तिच्या मधोमध."

दुर्बीण वर गेली. नेमकी तिकडेच गेली, त्यांची दिशा कधी चुकली नाही.

"मुळी दिसते?" मी विचारलं.

"झाड दिसतंय."

"झाडाच्या खाली. अजून आहे तो. खेकडा आपटतोय."

साहेबांनी दुर्बिणीचं चाक फिरवलं. मी मनात मोजत होते, त्यांनीच लावलेली सवय. सोळा सेकंद. सतराव्याला पक्षी शीळ घालत वर निघून गेला.

"उडाला," साहेब म्हणाले.

"दिसला ना तुम्हाला?" माझा आवाज जरा चढलाच. "दुर्बीण बरोबर त्याच्यावर होती तुमची."

"दुर्बीण होती. मला झाड दिसलं."

"शीळ ऐकलीत ना?"

"आवाजावर रेघ ओढत नाही मी."

"साहेब, आपण दोघे इथे होतो. तो आला, बसला, सोळा सेकंद बसला. इतकी वर्षं झाली. दोघांनी पाहिला म्हणायला काय हरकत आहे? कोण विचारणार आहे?"

त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "टेप काढ."

सुतळीपासून मुळीपर्यंत आम्ही मोजलं. साडेअकरा फूट, पूर्वेला. साहेबांनी टोकं बदलून पुन्हा मोजायला लावलं. साडेअकराच. नाशिक जिल्हा. मग ते चिखलात गुडघे टेकून बसले आणि त्या मुळीवरून तळहात फिरवला. हाताला खेकड्याची तुटलेली नांगी लागली, गव्हाच्या दाण्याएवढी. ती त्यांनी उजव्या डोळ्याजवळ, अगदी पापणीला लागेल इतकी जवळ नेली आणि बराच वेळ बघत राहिले.

"ओली आहे अजून," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी दुःख म्हणणार नाही. ते खूश होते. पण ती खुशी दुसऱ्याच्या घरच्या कार्यासारखी होती आणि ते मला सहन होईना.

"सांगितलं नव्हतं, येतं कव्हा मव्हा," मावशी बांधावरून म्हणाल्या.

परतीच्या एसटीत साहेबांनी मला नोंदीचा कागद लिहायला सांगितला. मी मांडीवर वही ठेवून लिहिला. पक्षी, जागा, दिशा, अंतर, वेळ. शेवटी "निरीक्षण करणारे" अशी ओळ होती. बस हेलकावे खात होती. मी त्या ओळीत आधी साहेबांचं नाव लिहिलं, मग माझं. बारीक अक्षरात, मुद्दाम. मनात म्हटलं, हे आता त्यांना वाचता यायचं नाही.

"काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"जे झालं ते."

"बरं," साहेब म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. उद्या डॉक्टरांना मीच नेऊन देतो म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे ऑपरेशनला हजर झाले. पुस्तिका आली ती दिवाळीच्या आधी. मुखपृष्ठावर तिबोटी खंड्या, आत यादीत त्याच्यापुढे नवी नोंद आणि नाव फक्त माझं. मी तडक दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना वाट्टेल ते बोलले. ज्या माणसाने सगळं केलं त्याचंच नाव तुम्ही कापता? डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "माझ्याकडे जसा कागद आला तसं छापलं," एवढंच म्हणाले. त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याशी सरळ बोलले नाही.

साहेबांनी मात्र पुढच्या रविवारी टी-शर्ट सरळ घातला. काळा चष्मा आणि छातीवर पक्षी. त्याच सुमारास त्यांनी सीमेपलीकडच्या पक्षीनिरीक्षकांचा पत्ता मिळवून त्यांना पत्र टाकलं, की आपला एक पक्षी अनेक वर्षं चुकून आमच्या यादीत राहिला होता, तो सादर परत करत आहे. तिकडून हिंदीत उत्तर आलं, पक्षी मिळाला, आभार, आमच्याकडे पुष्कळ आहेत, लागला तर कळवा. साहेबांनी ते फायलीत लावून वर लिहिलं, "पोच."

पुढच्या पावसाळ्यात नव्या डोळ्यांनी जायचं ठरलं होतं. वैशाखात त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले.

यंदा गटाची जुनी कागदपत्रं लावायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाले, "तिबोटीची फाईल आधी बघा. त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला दाखवू नका, पण आता मला ते ओझं नको."

फायलीत वरच माझा कागद होता, एसटीत लिहिलेला, अक्षर बसच्या धक्क्यांनी वाकडं झालेलं. काकूंना नंतर विचारलं तेव्हा कळलं, की त्या रात्री जेवण न करता ते भिंग घेऊन बसले होते. शेवटच्या ओळीत त्यांच्या नावावर एक रेघ होती. पट्टी धरून मारलेली, एकच. बाजूला त्यांची आखूड सही. आणि खाली, दिसत नसल्यामुळे मोठ्या मोठ्या झालेल्या अक्षरांत, "हजर होतो. पक्षी दिसला नाही. हद्द बरोबर आहे."

मला एका शब्दाने त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. रेघेखालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.